स्क्रब टायफसवर थिसिस: १३९ पेशंट नेमके कोणते?

तुमचा प्रश्न: अंबाजोगाईत एम.डी. मेडिसिनचं पहिलं वर्ष, गाइडनी सुचवलेला विषय स्क्रब टायफसच्या (बारीक माइट किडा चावून येणाऱ्या तापाच्या) आयजीएम एलायझाची (रक्तातल्या अँटिबॉडी शोधणाऱ्या टेस्टची) सेन्सिटिव्हिटी, म्हणजे खऱ्या पेशंटपैकी किती जण ती टेस्ट पकडते; जमेल का?

असाच घेतलात तर अडकाल. सेन्सिटिव्हिटी ९० टक्के धरून ५ टक्के इकडे-तिकडे चालवून घेतलं, तर ३.८४ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) × ०.९ × ०.१ भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे १३९. बरेच जण हा आकडा प्रोटोकॉलमध्ये टाकून मोकळे होतात. पण हे १३९ तापाचे पेशंट नव्हेत, पक्कं निदान झालेले स्क्रबचे पेशंट. तापाच्या दहांत एक स्क्रब निघतो असं धरलं, तर १३९० जण नोंदवावे लागतील. शिवाय पक्कं निदान म्हणजे पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट), नाहीतर दुसऱ्या सॅम्पलमध्ये आयएफए टायटर (अँटिबॉडीची पातळी) पहिल्याच्या चौपट. ते सॅम्पल १०-१४ दिवसांनी घ्यायचं. डॉक्सीने (डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकने) बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. मग ऐन सोयाबीनच्या काढणीत रक्त द्यायला कोण येणार?

त्यापेक्षा ‘तापाच्या पेशंटमध्ये स्क्रबचं प्रमाण आणि लक्षणं’ असा विषय मागा. तेच १० टक्के, तीच ५ टक्क्यांची चूक, आकडाही १३९च, पण आता ते साधे तापाचे पेशंट. गळती धरून १५५ घ्या. फक्त स्क्रबचे जेमतेम १५ निघतील, त्यांच्यावर मॉर्टॅलिटीची टक्केवारी काढत बसू नका.

खरी गोची हंगामाची. केसेस पावसाळ्यात आणि त्यानंतर येतात. एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधीचं एकही सॅम्पल धरता येत नाही. मंजुरी डिसेंबरात आली की वर्ष गेलंच. एलायझाचं किट हंगामाआधीच मागवा. प्लेटमधल्या ९६ वेल्सपैकी (खळग्यांपैकी) काही दर रनला कंट्रोलमध्ये (टेस्ट बरोबर चालली का हे तपासणाऱ्या नमुन्यांत) जातात, म्हणून सिरम साठवून एकदम लावा. दोन छोट्या ट्यूबांत वाटून ठेवा, पुन्हापुन्हा वितळवू नका. आणि घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीज नको. बर्फ साचू नये म्हणून तो मधूनमधून स्वतःच गरम होतो.

आयजीएम पाचव्या दिवसाआधी बऱ्याचदा निगेटिव्ह येतं, आणि आजार बरा झाल्यावरही काही महिने पॉझिटिव्ह राहू शकतं. तेव्हा तापाचा दिवस फॉर्मवर हवाच. एश्चर (किडा चावल्या जागची खपली) मात्र पेशंटचे कपडे काढून शोधा: काख, जांघ, स्तनाखाली, करदोड्याखाली. विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली, दुखत नाही, त्यामुळे पेशंट आपणहून सांगत नाही. दमट जागी खपली गळून नुसता पिवळसर व्रण दिसतो, तोही नोंदवा.