‘प्रेस्टीज’ला प्रतिष्ठा म्हणावे का?

प्रश्न असा आहे: ‘द प्रेस्टीज’ हा चित्रपट पाहिला. जादूच्या प्रत्येक खेळाचे तीन भाग असतात आणि तिसऱ्याला ‘प्रेस्टीज’ म्हणतात, असे त्यात सुरुवातीलाच सांगितले आहे. आपल्याला प्रेस्टीज म्हणजे प्रतिष्ठा एवढेच ठाऊक. मग जादूत प्रतिष्ठा आली कुठून? हा जादूगारांचा खरा पारिभाषिक शब्द आहे का? या तीन भागांना मराठीत काय म्हणावे? आणि जाता जाता, जादूगर लिहावे की जादूगार, व अशा माणसाला गारुडी म्हटले तर चालेल का?

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: क्रिस्तोफर प्रीस्टच्या १९९५च्या कादंबरीवरून क्रिस्तोफर नोलनने २००६ साली हा चित्रपट केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे लंडन. रॉबर्ट अँजिअर आणि आल्फ्रेड बोर्डन हे दोन जादूगार, आधी एकाच मंचावर उमेदवारी करणारे, मग एकमेकांच्या जिवावर उठलेले. त्यांची यंत्रसामग्री रचून देणारा कटर हा जुना जाणकार. पुढे शेवट फोडल्याशिवाय मला बोलता येणार नाही, तेव्हा पाहायचा बाकी असेल तर इथेच थांबा.

आता मूळ शब्द. लॅटिनमध्ये ‘प्राएस्टिगिआए’ असा अनेकवचनी शब्द होता. अर्थ: गारुड्याच्या करामती, फसवे खेळ. तो ज्या क्रियापदापासून आला त्याचा अर्थ करकचून बांधणे, आवळणे. हेच क्रियापद डोळ्यांना लावले की अर्थ व्हायचा डोळे दिपवणे, दृष्टी बांधून टाकणे. आणि आता आपला ‘नजरबंदी’ हा शब्द फोडून पाहा. नजर अरबी, बंदी फारसी, आणि दोन्ही मिळून तेच: नजर बांधणे. रोमन लोकांनी आपल्याकडून घेतले नाही, आपण त्यांच्याकडून घेतले नाही. समोरच्याचे डोळे उघडे असूनही त्याला दिसत नाही, हा अनुभव सांगायला दोन्हीकडे बांधण्याचीच कल्पना सुचली. बंदिवासाच्या अर्थाची नजरबंदी हिंदीत रुळली. त्यासाठी मराठीने ‘नजरकैद’ वेगळा ठेवला, म्हणून ‘नजरबंदीचा खेळ’ म्हटल्यावर आपला गोंधळ होत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर उलट बाजूने द्यावे लागते. जादूत प्रतिष्ठा आली नाही, प्रतिष्ठेत जादू होती. सतराव्या शतकात हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ दृष्टिभ्रम, लबाडी असाच होता. ‘प्रेस्टीजिअस’ माणूस म्हणजे हातचलाखी करणारा, भूल पाडणारा. एखाद्या नामवंत महाविद्यालयाला तेव्हा कोणी प्रेस्टीजिअस म्हटले असते तर अब्रूनुकसानीचा दावा झाला असता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नेपोलियनच्या संदर्भात, हा शब्द नावाच्या झगमगाटासाठी वापरात आला. म्हणजे नुसत्या कीर्तीने लोकांचे डोळे दिपतात, ती भूल. पुढे भूल गळाली आणि मान तेवढा उरला. आपल्यापर्यंत तो पोचला तो याच अवस्थेत. वर्तमानपत्रांनी त्याचा ‘प्रेस्टीज इश्यू’ केला आणि स्वयंपाकघरात तर त्याच्या शिट्ट्या होतात.

संस्कृत ‘प्रतिष्ठा’ मात्र ‘स्था’ धातूची. घट्ट उभे राहणे, पक्का पाया. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा, गणपतीची प्रतिष्ठापना, सगळीकडे तेच. म्हणजे एक शब्द डोळे बांधण्यातून आलेला, दुसरा पाय रोवण्यातून. आज दोघे एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून नांदताहेत, त्याला माझी हरकत नाही. पण नेपोलियनच्या काळातला जो मधला अर्थ आहे, त्याला प्रतिष्ठेपेक्षा ‘वलय’ जास्त जवळचे. ‘वलयांकित व्यक्तिमत्त्व’ म्हणताना आपण त्या माणसाच्या पायाबद्दल काहीच बोलत नसतो, फक्त त्याच्याभोवतीच्या उजेडाबद्दल बोलत असतो.

चित्रपटाला हे दोन्ही अर्थ हवे आहेत. अँजिअरला बोर्डनचा एक खेळ जमवायचा असतो: मंचावरच्या एका दारातून आत जायचे आणि लगेच दुसऱ्या टोकाच्या दारातून बाहेर यायचे. त्यासाठी तो आपल्यासारखा दिसणारा एक दारुडा नट धरतो. खेळ असा बसतो की अँजिअरने दारात शिरायचे आणि चोरदरवाजातून मंचाखाली पडायचे. वर दुसऱ्या दारातून तो नट बाहेर येणार आणि टाळ्या घेणार. नाट्यगृह दणाणून जाते तेव्हा अँजिअर फळ्यांखालच्या अंधारात उभा राहून, समोर कोणी नसताना, लवून अभिवादन करतो. खेळातला ‘प्रेस्टीज’ आणि लोकांतला ‘प्रेस्टीज’ दोन्ही त्या दारुड्याच्या पदरात पडले आहेत, आणि अँजिअरचा सगळा जळफळाट तिथून सुरू होतो. असा श्लेष मराठीत एका शब्दात येणार नाही, ते सोडून द्यावे.

हा जादूगारांचा खरा पारिभाषिक शब्द आहे का? नाही. ही तीन भागांची मांडणी कादंबरीकाराची आणि ती चित्रपटात ज्या नावांनी आली ती नावेही कथेसाठी घडवलेली. प्रत्यक्ष धंद्यातले लोक ‘इफेक्ट’ आणि ‘मेथड’ असे दोनच भाग धरतात: प्रेक्षकाला काय दिसले आणि ते कसे केले. चित्रपट एवढा गाजला की आता ती तीन नावे जुन्या परंपरेतली म्हणून सांगितली जातात. मांडणी चांगली आहे, पण तिला शंभर वर्षांचे वय लावू नये.

आता प्रतिशब्द. पहिला भाग ‘प्लेज’. जादूगार एखादी साधी वस्तू दाखवतो, पक्षी, पत्ता किंवा माणूस. हवे तर हात लावून बघा म्हणतो. शब्दकोशात प्लेजला वचन, तारण, गहाण असे अर्थ मिळतील आणि तिन्ही इथे निरुपयोगी आहेत. जादूगार इथे जे करतो त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे: खातरजमा. प्रेक्षकाची खातरजमा झाल्याशिवाय पुढचे काही चालत नाही, आणि ती खोटी असते यातच सगळी मौज आहे. दुसरा भाग ‘टर्न’, वस्तू नाहीशी होते. इथे ‘कलाटणी’ डोळे मिटून घ्यावा.

तिसऱ्यावर माझे मत ‘चमत्कृती’ला. वस्तू नाहीशी झाली म्हणून लोक टाळ्या वाजवत नाहीत, ती परत आणून दाखवावी लागते, हे कटरचे म्हणणे. कोणी ‘पुनरागमन’ सुचवेल. अर्थ बरोबर आहे, पण तो शब्द विसर्जनाच्या ‘पुनरागमनाय च’ने आणि संघात परतलेल्या फलंदाजांनी अडवून ठेवला आहे. ‘चमत्कार’ही नको. त्यात दैवी शक्तीचा दावा येतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव ‘चमत्कार सादरीकरण’ करतात ते तो दावा मोडायलाच. रंगमंचावरचा जादूगार असा दावा करत नाही. आपण फसवतो आहोत हे तो तिकिटावरच सांगतो. चमत्कृती मात्र कलेच्या प्रांतात राहिली. कथेचा अनपेक्षित शेवट ‘चमत्कृतिपूर्ण’ असतो, असे समीक्षक म्हणत आलेच आहेत. आणि त्यामागे मोठी परंपरा आहे: साहित्यदर्पणकार विश्वनाथाने चमत्कार म्हणजे चित्ताचा विस्तार, विस्मयाचेच दुसरे नाव, अशी व्याख्या केली आहे. मन एकदम मोठे होते तो क्षण. तिसऱ्या भागाचे याहून नेमके वर्णन मला तरी माहीत नाही.

पण सगळीकडे तो बसेल असे समजू नका. बोर्डन एका लहान मुलासमोर पिंजऱ्यातला इवलासा कॅनरी पक्षी गायब करतो. पिंजरा क्षणात सपाट होतो आणि मुलगा रडू लागतो, ‘मारलं तिला!’ बोर्डन त्याला जिवंत पक्षी काढून दाखवतो. इथे खरे तर चमत्कृती व्हायला हवी. पण पोर विचारते, मग याचा भाऊ कुठे आहे? सगळ्या चित्रपटाचे कुलूप या एका वाक्याने उघडते. जे परत येते ते गेलेलेच असते असे नाही. पुढे अँजिअरच्या हाती माणसाची हुबेहूब प्रत काढणारे यंत्र येते: दर रात्री एक अँजिअर मंचाखालच्या पाण्याच्या टाकीत बुडतो आणि दुसरा टाळ्या घेतो. शेवटी तो म्हणतो की दर रात्री यंत्रात पाऊल टाकताना आपण टाकीत असू की ‘प्रेस्टीज’मध्ये, हे त्याला माहीत नसे. इथे ‘टाकीत असेन की चमत्कृतीत’ असे लिहिले तर मराठी वाचक हसेल. ‘बुडणारा मी असेन की टाळ्या घेणारा’ असे अर्थाने उतरवावे. एका इंग्रजी शब्दाला सर्वत्र एकच मराठी शब्द हा हट्ट भाषांतराचा घात करतो.

एका ठिकाणी मात्र मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. अँजिअर अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्जला विजेवर संशोधन करणाऱ्या निकोला टेस्लाकडे हे यंत्र बनवून घ्यायला जातो. टेस्लाची प्रयोगशाळा १८९९ साली तिथे खरोखरच होती, यंत्राची गोष्ट अर्थात कल्पित. इंग्रजीत टेस्लाच्या कामाला एक शब्द लागतो आणि अँजिअरच्या कामाला दुसरा. आपल्याकडे टेस्ला प्रयोग करतो, अँजिअरही प्रयोगच करतो, आणि नाटक कंपनीचा रात्रीचा प्रयोग असतो तो वेगळाच. विज्ञान आणि रंगमंच यांतली रेघ पुसून टाकणे हा या गोष्टीचा कणा आहे, आणि ‘जादूचे प्रयोग’ या आपल्या रोजच्या बोलण्यात ती रेघ आधीपासूनच नाही.

विचारलेले नाही, तरी ‘डबल’बद्दल सांगतो, कारण मराठी लिहिणारे सर्रास ‘डुप्लिकेट’ वापरतात. अँजिअरच्या दारुड्या नटाला ‘तोतया’ म्हणावे. पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन उभा राहिलेला तोतया १७७६ साली पुण्यात देहदंडापर्यंत पोचला आणि शब्द घराघरांत गेला. दुसऱ्याचे नाव आणि रूप घेऊन त्याच्या जागी उभा राहणारा, हा त्याचा नेमका अर्थ. बोर्डनचा मदतनीस म्हणून वावरणारा फॅलन मात्र तोतया नव्हे, तो जुळा भाऊ. दोघे एकाच आयुष्यात आळीपाळीने जगतात, कोणीच खोटा नसतो.

याच चित्रपटात चुंग लिंग सू नावाचा वृद्ध चिनी जादूगार दिसतो, जो झग्याखाली, गुडघ्यांत माशांचे भांडे धरून मंचावर वावरतो आणि ते लपावे म्हणून बाहेरही आयुष्यभर लंगड्यासारखा चालतो. प्रत्यक्षातला चुंग लिंग सू चिनी नव्हताच. विल्यम रॉबिन्सन हा तो अमेरिकन. चिंग लिंग फू या खऱ्या चिनी जादूगाराच्या नावावर बेतलेले नाव घेऊन, चेहरा रंगवून, लोकांसमोर इंग्रजी न बोलता तो वर्षानुवर्षे खेळ करत राहिला. १९०५ साली दोघे लंडनमध्ये आमनेसामने आले, खरा कोण यावर वाद झाला, आणि गर्दी खेचली ती रॉबिन्सनने. मार्च १९१८ मध्ये वुड ग्रीनच्या नाट्यगृहात बंदुकीची गोळी झेलण्याचा खेळ बिघडला, गोळी छातीत शिरली आणि मंचावर त्याच्या तोंडून इंग्रजी बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी तो वारला. ‘तोतया’ला याहून चांगले उदाहरण पाश्चात्त्य रंगमंचावर सापडणे कठीण.

उरले दोन छोटे प्रश्न. मराठीत जादूगार लिहावे, तेच रुळलेले आहे. जादूगर हिंदीच्या वळणाने येते, पण चूक म्हणता येणार नाही, कारण फारसीत ‘गर’ आणि ‘गार’ हे दोन्ही प्रत्यय आहेत. आपल्याकडेही सौदागर आणि गुन्हेगार शेजारी बसतातच. खुद्द ‘जादू’ म्हणजे वेदातल्या ‘यातु’चे इराणी भावंड. ‘यातुधान’ म्हणजे जादूटोणा करणारा राक्षस, तो आठवा. आणि ‘मॅजिक’ही प्राचीन इराणातल्या पुरोहितांच्या नावावरून ग्रीकमार्गे युरोपात गेला. लंडनच्या या दोन्ही वैऱ्यांची विद्या निदान नावापुरती एकाच मुलखातली.

गारुडी चालणार नाही. शब्द सुरेख आहे, गरुडावरून आलेला, आधी सापाचे विष उतरवणारा आणि मग खेळ करणारा. पण गारुडी रस्त्यावरचा, डुगडुगी आणि टोपली घेऊन गोल करणारा, प्रेक्षक चहूबाजूंनी. अँजिअर आणि बोर्डन यांचा सगळा धंदा पडदा, विंगा आणि मंचाखालचा चोरदरवाजा यांवर उभा आहे. जुनाच शब्द हवा असेल तर ‘ऐंद्रजालिक’ घ्या. हर्षाच्या ‘रत्नावली’ या संस्कृत नाटकात उज्जयिनीहून आलेला ऐंद्रजालिक राजवाड्याला खोटी आग लावून दाखवतो. पी. सी. सरकार आपल्या भव्य रंगमंचीय प्रयोगाला ‘इंद्रजाल’च म्हणत. संवादात मात्र तो जड पडेल, तिथे आपला जादूगार बरा.