पान उघडतं, चित्र मात्र हलत नाही

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. पचनसंस्थेची जुनी सीडी आहे; तिच्यातलं पान ब्राउझरमध्ये उघडलं की घास अन्ननलिकेतून सरकताना दिसायचा. आता क्रोममध्ये राखाडी चौकोन येतो, फायरफॉक्समध्ये कोरी जागा. 'फ्लॅश प्लेअर इथे मिळेल' सांगणाऱ्या साइट बऱ्याच दिसतात. त्यातली कुठली घेऊ? शाळेचा संगणक कन्नडमध्ये आहे.

उत्तर : बाई, कुठलीच घेऊ नका. ब्राउझरमध्ये हलती चित्रं दाखवणाऱ्या फ्लॅश प्लेअरला तो बनवणाऱ्या अ‍ॅडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी निरोप दिला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातलं काहीही चालणं बंद केलं. आज त्या नावाखाली जे वाटलं जातं ते बहुधा व्हायरसच. ब्राउझर बदलूनही काही होणार नाही, कारण असले प्लगिन (ब्राउझरला बाहेरून जोडायचे प्रोग्राम) आत घेण्याची सोयच सगळ्यांनी काढून टाकली. क्रोमने २०१५ मध्ये जुनी पद्धत बंद केली, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. फ्लॅशपुरती सूट होती, तीही गेली.

तेव्हा ब्राउझर सोडा, सीडी उघडा. आतल्या फाइलींच्या नावांची शेपटं, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, बघा की. 'ईएक्सई' असेल तर बऱ्याचदा प्लेअर तिच्यातच भरलेला असतो. विंडोजवर डबल क्लिक करून बघा, घास सरकेलही. 'एफएलव्ही' म्हणजे साधा व्हिडिओ, तो व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चालतो. 'एसडब्ल्यूएफ' असेल तर ती फ्लॅशची फाइल; तिच्यासाठी रफल नावाचा मोफत प्रोग्राम घ्या. त्याची संगणकावर चालणारी आवृत्तीच बरी. फाइल उचलून तिच्या खिडकीत टाकायची, झालं. रफल ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन (ब्राउझरची छोटी जोड) म्हणूनही बसतो, पण संगणकातली फाइल उघडायला क्रोममध्ये वेगळी परवानगी द्यावी लागते, आणि ते बटण कन्नड मेन्यूत शोधत बसण्यात तास संपेल. 'डीसीआर' निघाली तर मात्र ती शॉकवेव्ह या दुसऱ्या जुन्या प्लेअरची. तिला रफल हात लावत नाही.

चित्र हललं पण मराठी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं आली, तर सीडीबरोबरचा जुना फॉन्ट संगणकावर टाका. अक्षरं फाइलीत भरलेली नसली की असं होतं. आणि हो, क्रोममध्ये वर उजवीकडे कोड्याचा तुकडा दिसतो ना, पूर्वी तो 'प्लगिन नाही' म्हणायचा. आता ते एक्स्टेन्शनचं बटण आहे. त्याला बघून घाबरू नका.

प्रश्न : निपाणीजवळच्या आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर व्याख्यानाचा व्हिडिओ टाकला. मुलाच्या आयफोनवर मस्त चालतो, कार्यालयातल्या जुन्या पीसीवर आवाज येतो पण पडदा काळा. शिवाय पान उघडल्यावर तो आपोआप सुरू व्हावा अशी अध्यक्षांची इच्छा आहे.

उत्तर : आवाज आहे आणि चित्र काळं, म्हणजे व्हिडिओ एचईव्हीसी या दाबून साठवण्याच्या नव्या पद्धतीत असणार, अशी माझी पैज. आयफोन जागा वाचवायला तसंच चित्रण करतो. ते उलगडायचं सामर्थ्य नव्या संगणकाच्या हार्डवेअरमध्ये असतं, तुमच्या पीसीत नसेल. हँडब्रेक या मोफत प्रोग्रामने एमपी४ करून घ्या, चित्राला एच.२६४ आणि आवाजाला एएसी निवडा. हे कुठल्याही ब्राउझरला पचतं. पुढच्या व्याख्यानाआधी फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स उघडून 'मोस्ट कम्पॅटिबल' ठेवा.

आपोआप सुरू होण्याबद्दल अध्यक्षांची समजूत काढावी लागेल. क्रोमने २०१८ पासून आवाजासकट आपोआप वाजणारे व्हिडिओ साधारणपणे अडवले आहेत, सफारीने त्याच्या आदल्या वर्षीपासून. आवाज बंद ठेवलात तर सुरू होईल, पण मुक्या व्याख्यानाचं काय करणार? मोठं 'प्ले' बटण ठेवा.

एक तपासणी राहिली. तुमचं पान 'एचटीटीपीएस'ने (सुरक्षित जोडणीने) उघडतं आणि त्यात जोडलेला व्हिडिओ दुसऱ्या साइटवरून साध्या 'एचटीटीपी'ने चौकटीत येत असेल, तर ब्राउझर ती चौकट रिकामीच ठेवतो. एफ१२ दाबा, उघडलेल्या कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या तक्रारींच्या यादीत) 'मिक्स्ड कंटेंट' अशी लाल ओळ दिसली तर पत्त्यात फक्त एक 'एस' घालून बघा. पलीकडची साइट ते देत असेल तर तेवढ्याने भागतं. नसेल तर फाइल आपल्याच साइटवर चढवा.