नाद वाढला म्हणून आई आली होती, मला तो कमी झालेला दिसला

माझ्याकडे समुपदेशनासाठी आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी आई हाच प्रश्न घेऊन येते. मुलगा दिवसरात्र गेम खेळतो, ती जपानी कार्टून बघतो, कानात कायम हेडफोन, टेबलावर वायरी आणि बोर्डांचा पसारा, मॅडम हे व्यसन आहे का आणि सोडवायचं कसं? सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही, म्हणून मागच्या वर्षीची एक केस सांगते. त्या मुलाला आणि त्याच्या आईला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा 19 वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फेब्रुवारीत आई आधी एकटीच आली, पर्समध्ये घडी घातलेला कागद, त्यावर तक्रारी लिहून आणलेल्या. रात्री तीनपर्यंत जागतो, सकाळचं लेक्चर बुडवतो, जेवायला हाक मारली की "पाच मिनिटं" म्हणतो आणि अर्ध्या तासाने येतो. एवढा मोठा होऊन कार्टून बघतो. आणि कीबोर्ड खोलून त्याच्या एकेका बटणाला तेल लावत बसतो, हे सांगताना तर त्यांचा आवाजच चढला, कारण तो कीबोर्ड वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेला, चांगला चालू होता.

मी विचारलं, ताई, हे तेल लावणं तुम्ही शेवटचं कधी बघितलंत? त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, दिवाळीच्या आधी. आणि कार्टून? तेही आता नाही बघत वाटतं. मग आता काय करतो? नुसता गेम, एकच, गोळीबाराचा. हे ऐकलं आणि मी त्यांचा कागद बाजूला ठेवला, कारण त्या नाद वाढला म्हणून आल्या होत्या आणि मला ऐकू येत होतं ते उलटंच होतं.

मुलगा पुढच्या आठवड्यात आला. हो, नाही, माहीत नाही, एवढंच. किती तास खेळतोस हे मी विचारलंच नाही, घरात नातेवाइकांत सगळे त्याला तेच विचारत होते. मी म्हटलं, मला त्या कीबोर्डचं समजावून सांग, तेल कशाला लावतात? त्याने वर बघितलं. म्हणाला तेल नाही मॅम, ग्रीस असतं. मग हाताने दाखवायला लागला, बटणाखाली स्विच असतो, तो उघडायचा, आत स्प्रिंग आणि एक छोटी दांडी, त्या दांडीला बारीक ब्रशने अगदी पातळ हात फिरवायचा, जास्त झालं की स्विच जड होतो, चिकटल्यासारखा वाटतो. लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरी मध्ये थोडा अडखळतो, निळा टकटक वाजतो. त्याच्याकडे तपकिरी. असे 87 स्विच, एकेक उघडून, पेपरवर ओळीत मांडून. दहा मिनिटं तो थांबला नाही.

मग जपानी निघालं. सबटायटल वाचून वाचून कंटाळा आला म्हणून अक्षरं शिकला, हिरागाना, 46 अक्षरं. म्हणाला, मॅम त्यांची बाराखडी आपल्यासारखीच लागते, आधी अ इ उ ए ओ, मग क-ची ओळ, मग स, त, न, बौद्ध भिक्षूंबरोबर आपली वर्णमाला तिकडे गेली ना, त्यामुळे. हे सांगताना त्याचा चेहरा जो उजळला तो मला अजून आठवतो. (आयांना मी नेहमी सांगते, डोरेमॉन हाही ॲनिमेच आहे, म्हणजे जपानी कार्टूनच. तुम्हीच तो लावून घास भरवलेत, मुलगा मोठा झाला तशा त्याच्या गोष्टीही मोठ्या झाल्या.)

आणि संगीत. 1983 साली निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम मशीनमध्ये एका वेळी पाचच आवाज वाजायचे, दोन पल्स आणि एक ट्रँगल हे सुरांचे, एक नॉइज म्हणजे खरखरीचा आणि एक छोटं रेकॉर्डिंग वाजवणारा. तेवढ्यातच चाल बसवायची, त्याला चिपट्यून म्हणतात. याचे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात, तर याने त्या नॉइजच्या आवाजावर पखवाजासारखा ठेका बसवायचा प्रयत्न केला होता. अर्धाच राहिला.

मी विचारलं, यातलं सध्या काय चालू आहे? एकदम गप्प. मग म्हणाला, काहीच नाही, इच्छाच होत नाही. मग तीनपर्यंत काय करतोस? व्हॅलोरंट, तोच गोळीबाराचा गेम, एक मॅच संपली की दुसरी लावतो. मजा येते? नाही येत. मग का? "झोपायला गेलो की डोक्यात सुरू होतं."

डोक्यात काय सुरू होतं ते तिसऱ्या भेटीत बाहेर आलं. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले होते, त्यात गणित, आणि घरी त्याने ऑल क्लिअर सांगितलं होतं. इयर डाऊन झालं, म्हणजे वर्ष वाया गेलं तर काय, वडील ओव्हरटाइम करून फी भरतात, हेच रात्रभर. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का हे मी त्याला सरळ विचारलं, हे विचारायला घाबरायचं नसतं, विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. तसं काही नव्हतं, पण आपण नसतो तर बरं झालं असतं असं दोनदा वाटून गेलं होतं. म्हणून मी त्याला सायकिॲट्रिस्टकडेही एकदा दाखवून घेतलं.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत, जी 2022 पासून लागू आहे, गेमिंग डिसऑर्डर खरंच आहे. पण त्यात तासांचा आकडा नाही. बघतात ते असं: खेळण्यावर ताबा राहिलेला नाही, बाकी सगळ्या गोष्टी खेळापुढे मागे पडल्यात, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच आहे किंवा वाढतोय. हे सगळं बहुधा बारा महिने तरी दिसावं लागतं आणि त्याने अभ्यास, घर, नाती यांचं चांगलंच नुकसान झालेलं असावं लागतं. या मुलाला तीन महिने झाले होते, आणि त्याआधी काहीतरी बिघडलं होतं म्हणून खेळ वाढला होता. जो मुलगा स्विच साफ करतो, अक्षरं गिरवतो, ठेका बसवतो त्याची मला चिंता वाटत नाही, त्याला झोप आणि जेवणाची शिस्त लावली की पुरतं. ज्याचं हे सगळं आपोआप बंद पडलं आणि हातात फक्त वेळ काढण्यापुरती एक गोष्ट उरली, त्याच्याकडे मी नीट बघते.

घरी सांगायचं काम त्याने माझ्यासमोर केलं. आई आधी खूप चिडल्या, मग रडल्या. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, नंतर एवढंच विचारलं, परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे?

आईंना लॅपटॉप कपाटात ठेवायचा होता. मी स्पष्ट नाही म्हटलं, कारण मित्रही त्याच लॅपटॉपवर होते, तेही तुटले असते. त्याऐवजी त्यांना त्या "पाच मिनिटां"चं गणित सांगितलं. व्हॅलोरंटमध्ये पाच-पाच जणांच्या टीम, आधी तेरा राउंड जिंकेल ती टीम जिंकते, चाळीस मिनिटं सहज जातात, मध्ये थांबवता येत नाही आणि सोडून गेलं की उरलेल्या चौघांचं नुकसान, वर पेनल्टी. म्हणून जेवायची हाक मॅच सुरू व्हायच्या आधी मारायची, आणि शेवटची मॅच सव्वादहाच्या पुढे लावायची नाही. हे दोघांनी मिळून ठरवलं म्हणून टिकलं, मी ठरवून दिलं असतं तर आठवडाभरही टिकलं नसतं.

दुसरी गोष्ट स्विचची. दिवाळीआधी त्याचे 31 झाले होते, उरलेले 56 तेव्हापासून डब्यात पडून होते. मी म्हटलं, इच्छा व्हायची वाट बघू नकोस, संध्याकाळी वीस मिनिटं डबा उघडून बस, झाला एक तर एक. पहिल्या दिवशी चार झाले. मध्ये आठ दिवस एकही नाही, तेही मला त्याने स्वतःहून सांगितलं. एप्रिलमध्ये शेवटचा बसला.

गणित अजून राहिलंय, दुसरा विषय निघाला. परवा आईंचा फोन आला होता, पुण्यात जपानीची परीक्षा असते ना डिसेंबरमध्ये, त्यात एन-फाइव्ह म्हणजे सगळ्यात वरची पातळी की खालची? मी म्हटलं, खालची. मग म्हणाल्या, बरं, गणिताचा आणि हा, दोन्ही फॉर्म भरतोय म्हणे तो.