जुनं गोवं पहिल्यांदा बघताना

भाऊ, नागपूरहून एवढा लांब जातोच आहेस, तर एक अख्खी सकाळ जुन्या गोव्याला दे. पणजीहून कदंबची (गोव्याची एसटी) बस पकड, जेमतेम १० किलोमीटर.

सगळी चर्च उरकू नको. से कॅथेड्रल आणि रस्त्यापलीकडचं बॉम जीझस, दोनच नीट बघ. कॅथेड्रलसमोर उभा राहा: डावीकडे मनोरा, उजवीकडे नुसतं आभाळ. तिथला जोडीदार मनोरा १७७६ मध्ये कोसळला, परत बांधलाच नाही. बॉम जीझसच्या भिंतीजवळ जा. उघडा, भोकाभोकांचा लाल जांभा दगड. मला तर तीच भिंत सगळ्यात आवडते.

नवखे हमखास चुकतात ते:
- हाफ पँट घालणं. खांदे, गुडघे झाकलेले हवेत.
- 'आपल्याला उन्हाची सवय आहे' म्हणत भर दुपारी निघणं. आपलं ऊन कोरडं. तिथं घाम वाळतच नाही, बाप्पा!
- प्रार्थना सुरू असताना फोटो काढणं.

दिवाडी बेटाची फेरीबोट पुढच्या खेपेला.