ग्लुकोजची पुडी बॅगेतच का राहिली?

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. मुलगी गेल्या वर्षी बारावी झाली, नीटमध्ये ३९० गुण पडले, आता लातूरला रिपीटर बॅचला आहे, आणि ‘मला जेनेटिक्समध्ये संशोधन करायचंय’ म्हणून हटून बसली आहे. तिची समजूत कशी काढायची, लागला तर तिसरा प्रयत्नही द्यायला लावू का, असं तुम्ही विचारता.

मी मात्र तिसऱ्या पानावर अडकलो. तिला अकराव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह आहे. मागच्या मॉक टेस्टला शुगर उतरली, हात थरथरायला लागले, शेवटचे वीस प्रश्न राहून गेले. ग्लुकोजची पुडी बॅगेत आणि बॅग वर्गाबाहेर. तिने ती मागितली नाही, कारण तुमच्याच शब्दांत, ‘क्लासमध्ये कोणाला सांगितलेलं नाही, उद्या स्थळं बघायची आहेत.’

हे तुम्ही एका ओळीत उरकून पुढे गेलात. मला पुढे जाववत नाही. शुगर अशी उतरते तेव्हा माणूस बेशुद्ध पडू शकतो, फिट येऊ शकते. अठरा वर्षांची पोर ते अंगावर काढत बाकावर बसून राहिली, कारण आजारापेक्षा तो लोकांना कळणं वाईट, हे ती घरात शिकली. स्पष्टच सांगतो, ते वीस प्रश्न अभ्यास कमी पडला म्हणून राहिलेले नाहीत.

चौथ्या पानावर तुम्ही लिहिता, ‘आमच्या घराण्यात कोणाला नाही, हे तिच्या आईच्या माहेरून आलंय.’ हा गैरसमज आजच काढून टाका. टाइप वनमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. अनुवंशिक जोखमीचा जवळपास निम्मा वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए नावाच्या पट्ट्यात असतो. आपलं काय आणि परकं काय, हे पेशींना दाखवणारी प्रथिनं तिथल्या जनुकांवरून बनतात. या पट्ट्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. सर्वांत जोखमीची जोडी डीआर३ आणि डीआर४ या त्याच्या दोन रूपांची आहे, म्हणजे एक एकाकडून आणि दुसरी दुसऱ्याकडून. तरीही ही जनुकं असलेल्या बहुतेकांना मधुमेह होतच नाही, आणि टाइप वन झालेल्या बहुतेक मुलांच्या घरात आधी कोणालाच नसतो. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. तेव्हा त्या माउलीला इतकी वर्षं जे ऐकवलंत, त्याला काहीही आधार नाही. तिची माफी मागा.

मुलीला हाच विषय का हवा, हे तुम्ही तिला विचारलंय का? सात वर्षं जो प्रश्न ती सुईबरोबर टोचून घेते आहे, त्याचाच तिला अभ्यास करायचा आहे. हे काम आपल्याकडेही चालतं. युरोपातल्या लोकांवरून बनवलेला जनुकीय जोखमीचा गुणांक, म्हणजे अनेक जनुकांची जोखीम मिळून काढलेला एक आकडा, भारतीयांमधला टाइप वन आणि टाइप टू वेगळा ओळखतो का, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले डॉ. चांडक आणि इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठाचे संशोधक यांनी मिळून तपासलं. २०२० साली त्यांनी छापलं की ओळखतो, पण आपल्या लोकांचे एचएलए काही बाबतींत वेगळे आहेत. हे वेगळेपण शोधायला इथलीच माणसं लागणार.

‘डॉक्टर झाल्याशिवाय रोगावर संशोधन कसं करणार?’ असं तुम्ही विचारता. एचएलएमधल्या एका प्रथिनातली ५७ क्रमांकाची जागा टाइप वनच्या जोखमीशी जोडलेली आहे, हे १९८७ साली दाखवणाऱ्यांत संशोधक जॉन टॉड आघाडीवर होते. ते जीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र शिकलेले, एमबीबीएस नव्हेत.

वाट सांगतो. आयसर आणि नायसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था, त्यांच्या प्रवेशासाठी अनुक्रमे आयएटी आणि नेस्ट या परीक्षा, नाहीतर चांगल्या कॉलेजात बीएस्सी, मग एमएस्सी, फेलोशिपसाठीची नेट-जेआरएफ परीक्षा, पीएचडी. एक मात्र ध्यानात ठेवा. आयसरला बारावी कोणत्या वर्षी झाली याची अट असते, ती आधी नीट तपासून घ्या. तिचं हे शेवटचं वर्ष ठरू शकतं. तिसऱ्या नीटपायी ते दार कदाचित तुम्हीच बंद कराल, म्हणून तिसरा प्रयत्न नको असं माझं मत आहे.

तिलाही सांगा, पोटापुरता पगार सुरू व्हायला दहा-अकरा वर्षं जातील, मधे फेलोशिपवर भागवायचं. आणि हे काम आता प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीपेक्षा संगणकावर जास्त चालतं: हजारो माणसं, प्रत्येकाच्या डीएनएमधल्या लाखो जागा, आणि त्यातून खरा फरक कुठला, योगायोग कुठला हे संख्याशास्त्राने निवडायचं. तिने अकरावीत गणित सोडलं असेल तर पुन्हा पुस्तक उघडावं लागेल. आयएटीतही गणित असतंच.

येत्या रविवारी पुन्हा मॉक टेस्ट आहे म्हणता. त्याआधी क्लासच्या सरांना तुम्ही स्वतः फोन करा, शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला तिला सांगू द्या. पुडी बॅगेत नको, बाकावर, पेनाशेजारी.