वॉशिंग्टन : आडनावामागचे गाव

‘वॉशिंग्टन या आडनावाचा धुण्याशी संबंध आहे का? पूर्वज परीट होते का?’ असा प्रश्न आला आहे. नाही. हे आडनाव धंद्यावरून नव्हे, गावावरून पडले आहे. आपल्या सातारकर, नागपूरकर यांच्याच पठडीतले.

‘वॉशिंग’ आणि ‘टन’ असे दोनच तुकडे पाडले की घोळ होतो. तुकडे तीन आहेत. ‘वास्सा’ हे जुन्या इंग्रजीतले पुरुषाचे नाव. मधला ‘इंग’ त्याच्या गोतावळ्यासाठी. शेवटचा ‘टन’ म्हणजे मूळचा ‘टून’: आधी कुंपण, मग कुंपणाच्या आतले घर-शेत, मग वाडी आणि शेवटी गाव. आजचा ‘टाउन’ यातूनच निघाला. जर्मनमध्ये कुंपणाला अजूनही ‘त्साउन’ म्हणतात. तेव्हा वॉशिंग्टन म्हणजे वास्साच्या भाऊबंदांची वाडी. हाच ‘इंग’ बर्मिंगहॅममध्ये आहे आणि नॉटिंगहॅममध्येही. नॉटिंगहॅम हे मुळात ‘स्नॉट’ नावाच्या माणसाच्या मंडळींचे गाव. सुरुवातीचा ‘स’ पुढे गळून पडला.

आता गावाचे आडनाव कसे झाले ते. ईशान्य इंग्लंडमध्ये डरहमच्या बिशपच्या जमिनींची 1183 मधली नोंदवही ‘बोल्डन बुक’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यात हर्टबर्नचा विल्यम सापडतो. त्याने हर्टबर्न सोडून बदल्यात वॉशिंग्टन घेतले. सारा ठरला 4 पौंड, शिवाय बिशपच्या मोठ्या शिकारीला 4 शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचे. जमीन बदलली तसे नावही बदलले आणि घराणे वॉशिंग्टनचे म्हणून ओळखले जाऊ लागले. मला या नोंदीचे मोल फार वाटते, कारण तेव्हा आडनाव रक्ताला नव्हे, जमिनीला चिकटलेले होते हे इथे उघड दिसते. घराणे पिढ्यान्‌पिढ्या त्याच नावाने ओळखले जाणे, म्हणजेच आडनाव पक्के होणे, हे त्यानंतरचे. जॉर्ज वॉशिंग्टन याच घराण्यातले.

सामान्य माणसाचे मात्र उलटे होई. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लावून उपयोग काय, सगळेच त्या गावचे! तो दुसरीकडे जाऊन वसला की तिथले लोक त्याला मूळ गावाच्या नावाने ओळखत. म्हणून इंग्रजी ग्रामनामी आडनाव भेटले की आधी पाहावे, पूर्वज जमीनदार होता की स्थलांतरित.

गाव ठरवतानाही जपावे. ससेक्समध्ये आणखी एक वॉशिंग्टन आहे, त्यामुळे प्रत्येक वॉशिंग्टनचे मूळ डरहमकडे नेता येत नाही. न्यूटन (नवी वाडी), सटन (दक्षिणवाडी), नॉर्टन (उत्तरवाडी) यांत तर ही अडचण फारच मोठी, कारण या नावांची गावे इंग्लंडभर विखुरलेली आहेत. अशा वेळी आधी त्या घराण्याची सर्वांत जुनी नोंद कोणत्या परगण्यात मिळते ते शोधावे, मग त्याच्या आसपासचे गाव धरावे. गावाच्या नावाचा अर्थ लावतानाही आजचे स्पेलिंग नव्हे, मिळेल तितके जुने स्पेलिंग घ्यावे. ‘टून’ आणि टेकडीचा ‘डून’ यांची पुढे अदलाबदल झालेली पुष्कळदा आढळते.