आठवी-नववीतली मुलं खर्रा खातात, हे घरी लवकर कसं ओळखावं?

सिगारेटचा वास शोधत बसू नका. विदर्भात शाळकरी वयात आधी येतो तो खर्रा: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला. दप्तराच्या कप्प्यात चुरगळलेली पन्नी सापडली तर तिथेच संशय घ्या.

दुसरी खूण जेवणात दिसते. नेहमीची भाजी मुलाला अचानक तिखट लागते, तोंडाची आग होते. त्याची स्वतःची उभी तीन बोटं तोंडात सहज जात नसतील तर सरळ दंतवैद्याकडे न्या. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठर होते, तोंड उघडणं कमी होत जातं, आणि ते पूर्ववत होणं अवघड असतं. पुढे कर्करोगाचा धोका असतोच. त्यामुळे ‘नुसती सुपारीच तर खातो’ हे समाधान खोटं आहे.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत होते. घरात आजी मिश्री लावते, काका पुडी आणायला पोरालाच पिटाळतात, मग शाळेत घेतलेल्या तंबाखूमुक्तीच्या शपथेचा काय उपयोग?

टपरीवाल्याशी बोलायचं असेल तर कायदा माहीत असू द्या. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखूविक्रीला बंदी आहे, आणि अल्पवयीनाला तंबाखू दिल्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मुलाला मारू नका, लपवायला शिकेल. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं.